बारा नखं

मंगळवेढ्याहून भोपळे भरून येत होतो.
आरगेच्या अलीकडे, कालव्याच्या वळणावर,
पुढं उसाची ट्रॉली, मागं आमचा टेम्पो.
रस्त्यात भोपळा पडलाय, दिलावर म्हणाला,
आपलाच असेल, घ्या उचलून.
उचलला, तर त्याला मान होती.

पेंढा होताच. दोन भोपळ्यांच्या मधे बसवलं,
तडा वरच्या अंगाला.
मिरजेपर्यंत मी मागंच बसलो.

तड्यांतलं मला कळतं.
वडलांनी शिकवलं ते एवढंच, की भोपळा कुठं फुटतो
आणि फुटला की बुजवायचा कसा.
लाख, भुसा, सरस, वरून पॉलिशचे सहा हात.
वाजवणाऱ्याला जन्मभर पत्ता लागत नाही.
म्हणून घरी आल्या आल्या सरस तापत ठेवला.
नसीम म्हणाली, आधी कुणाला तरी विचारा,
ती सतार नाही.

चौगुले डॉक्टरीणबाई फोनवरच ओरडल्या.
बुजवायचं नाही! आत घाण कोंडली की संपलं.
धुवा, पुसा, औषध लावा, उघडं ठेवा.
आणि घरात ठेवून घ्यायचं नाही हं, गुन्हा आहे.
मी वनखात्याला कळवते.
सरस तसाच थंड झाला, वर साय धरून.

वनखात्याचे खोत उद्या येतो म्हणाले.
त्यांचा उद्या एकोणीस दिवसांचा निघाला.

भोपळे भिजवायच्या टबात त्याचं बिऱ्हाड.
तासभर पाणी, मग ओलं फडकं, मग परत पाणी.
पुण्याची ऑर्डर रखडली.
समोरच्या आवटीकाकूंनी हळद आणून दिली, घरची, कांडलेली.
त्याची पाठ औषधानं आधीच पिवळी झालेली.
हळद आम्ही कालवणात घातली.

आठ दिवस खाल्लं नाही. उकडलेलं अंडं नाही,
गांडूळ नाही, माशाचं डोकं नाही.
मी काम करताना तोंडानं सूर धरतो,
तेवढ्यापुरतं मान बाहेर काढायचं, थांबलो की आत.
गाणं आवडत होतं असं म्हणणार नाही.
बहुतेक मी कधी गप्प होतो ते बघत असावं.

एकदा सवयीनं पाठीवर टिचकी मारली,
चांगल्या जागी, जिथं भेग नव्हती.
भोपळा असता तर सूर दिला असता.
काहीच वाजलं नाही.
आत कुणीतरी होतं.

नवव्या रात्री खट् आवाज आला. डोकं संपलं होतं.
दहाव्या सकाळी माझं बोट.
नखीचंच बोट, आठवडाभर एक सतार लावून बघता आली नाही.
आफ्रीन हसून लोळली. नसीम म्हणाली, सुधारलं बघा.

मग एक जण आला, सतार बघायची म्हणून,
डोळे मात्र टबाकडे.
वीस नखांचं असेल तर बोला, म्हणाला, आकडा सांगा तुम्ही.
आफ्रीननं मोजली, त्याच्यासमोर, मोठ्यानं,
तीन, तीन, तीन
आणि हा पाय दुखरा आहे, थांबा, तीन.
बारा.
माणूस अर्धा चहा टाकून गेला.
आठ नखं कमी असल्याचा इतका आनंद
मला वाटत नाही कुणाला झाला असेल.

खोत आले, कागद घेऊन आले.
प्राण्याचे नाव, जखमेचे स्वरूप, मालकाचे नाव.
मालकाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं,
तर डोकं खाजवत म्हणाले, रेघ मारा.
मारली.

आरगेच्या तळ्यावर उतरवलं.
भेग मिटली नव्हती, नुसती कडा धरून
सुकली होती, नदीकाठच्या चिखलासारखी.
आमच्यात हे काम अर्धवट म्हणतात.
असं गिऱ्हाइकाला देत नाहीत.

ते बराच वेळ बसून राहिलं.
दिलावरनं दोनदा हॉर्न दिला.
मग चार पावलं, आणि पाणी जरासं हललं,
तेही वाऱ्यानं असेल.

टब घासला तरी वास जात नाही.
त्यातच आता पुण्याचे भोपळे भिजतायत.
एकाला देठाजवळ तडा आहे.
सरस तापलाय,
आणि मी अजून हात लावला नाही.